टाँग टेस्टरच्या पुढचं शिक्षण

दहावी-बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या इंदिरानगरातल्या पालकांचा प्रश्न ठरलेला: ‘कॉम्प्युटर घ्यायचं की एआय?’ मुलाला मोटारी, रेडिओ उघडून बघायचा नाद असेल, तर शेजारच्या अंबड एमआयडीसीकडेही एकदा बघा. स्विचगिअर आणि विजेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यांना करंट अचूक मोजणारी माणसं लागतातच.

वीज वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. 100 अँपिअरच्या तारेपासून एक सेंटिमीटरवर ते सुमारे 2 मिलिटेस्ला भरतं, म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळपास 50 पट. ते मोजलं की तारेला हात न लावता करंट कळतो. वायरमनचा टाँग टेस्टर हेच करतो. पण उच्च दाबाच्या बंद पॅनेलमध्ये सेन्सर बसवला, तर त्याचा सेल कोण बदलणार? दरवेळी लाइन बंद करायची?

म्हणून बिनबॅटरीचे वायरलेस सेन्सर. त्यातल्या एका प्रकारात बाहेरचा रीडर रेडिओ लहर सोडतो. लिथियम नायोबेटच्या चिपवर तिची ध्वनिलहर होते, सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने पृष्ठभागावरून सरकते, आपटून मागे फिरते आणि पुन्हा रेडिओ लहर होऊन रीडरकडे येते. चुंबकीय क्षेत्रात जिचा कडकपणा बदलतो अशी धातूची पातळ फिल्म चिपवर चढवली, की लहरीचा वेग किंचित बदलतो. परतायला लागलेल्या वेळातला फरक, तेच रीडिंग.

याची ब्रँच कोणती? या नावाची ब्रँच नाही, आणि जाहिरातीही क्वचितच निघतात. नोकरी टेस्टिंग, आरएफ, एम्बेडेड, इन्स्ट्रुमेंटेशन या नावांनी मिळते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावीनंतर सीईटी आहेच. बीएस्सी फिजिक्स आणि मग एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, या वाटेला ‘नुसतं बीएस्सी’ म्हणून नाक मुरडू नका. ती फिल्म हा फिजिक्सचाच विषय आहे.

आणि हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या करंटने नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप 1904 मध्ये अलिबागला नेलं. अलिबागची वेधशाळा आज नवी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. या संस्थेत पीएचडीही करता येते. राष्ट्रीय क्वांटम मिशनमधलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे.

मुलाचा कल बघायला क्लास नको. फोनवर मॅग्नेटोमीटरचं मोफत ॲप घ्या आणि फोन चालू इस्त्रीच्या वायरजवळ धरायला सांगा. (वायर सोलू मात्र देऊ नका.) आकडा फारसा हलणार नाही, कारण जाणारा आणि परतणारा करंट शेजारी-शेजारी असल्याने त्यांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. हे आधी सांगायचं नाही. ‘ॲप बिघडलंय’ म्हणून फोन ठेवला, तर दुसऱ्या वाटा आहेत. ‘असं का?’ म्हणत हटून बसलं, तर ऑप्शन फॉर्म भरताना एकदा त्यालाच विचारा.