काळोख कुठं ठेवायचा ते आधी ठरव

भाच्या, बोटीच्या लाइटचं काम करायचं तर मासेमारीबंदीच्या दिवसांतच. 1 जून ते 31 जुलै बोटी ओढलेल्या असतात, वायरी सुक्या असतात, खलाशांचे हात मोकळे असतात. नारळी पौर्णिमा तोंडावर आली की घाई होते, आणि घाईत पाडलेलं भोक पुढं वर्षभर गळतं. एलईडीच्या पट्ट्या आणल्यास, बरं केलंस. पण त्या कुठं ठोकायच्या ते नंतर बघू. आधी बोटीवर काळोख कुठं ठेवायचा ते ठरव. उजेडाची जागा त्यातूनच निघते.

पहिला काळोख तांडेलाच्या डोळ्यांपुढचा. केबिनच्या टपावर पट्टी बसवून झोत पुढं सोडलास, तर उजेड आधी नाळेवर, दोरखंडांवर, पांढऱ्या रंगावर पडेल आणि उलटून काचेवर येईल. नाळेपलीकडं काय आहे ते दिसणारच नाही. अंधाराला सरावायला डोळा वीस-तीस मिनिटं घेतो आणि एका झोतात ते सगळं वाया जातं. घाटात जीप घेऊन फिरणाऱ्या पोरांनाही हाच अनुभव येतो. टपावरची पट्टी बॉनेटवर चमकते, म्हणून ती मागं सरकवतात नाहीतर बंपरवर उतरवतात. धुक्याचे दिवे तर खालीच असतात. दर्यावर हिवाळ्याच्या पहाटे धुकं धरतं तेव्हा वरचा झोत असाच अंगावर येतो. म्हणून झोताचा दिवा जमेल तितका पुढं बसव, बोटीचा कुठलाच भाग त्याच्या उजेडात येता कामा नये. स्विच मात्र तांडेलाच्या हाताशी. बोया शोधायला पेटवायचा, सापडला की विझवायचा. झोत पेटवून चालायचं नाही. जीपीएसचा पडदा रात्री मंद कर आणि केबिनमध्ये लाल बल्ब ठेव. लाल उजेड डोळ्याला सगळ्यात कमी बिघडवतो.

दुसरा काळोख काठाबाहेरचा. कामाचे दिवे केबिनच्या मागच्या कडेला, तोंड खाली आणि आत करून लाव, वर पत्र्याची झापड दे. एकच मोठा दिवा लावलास तर विंचवर हात घालणाऱ्याची सावली त्याच्याच बोटांवर पडते. दोन बाजूंना दोन छोटे लाव, सावली तुटते. उजेड जाळ्यावर आणि माशाच्या पाट्यांवर पडू दे, पाण्यावर नको. एलईडीच्या उजेडानं मासा गोळा करून धरायला केंद्रानं नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली, राज्याच्या कायद्यातही त्याला लाखांतला दंड आहे. पाण्याकडं तोंड करून बसवलेले दिवे तपासणीत कुणाच्याही नजरेत भरतात. तू तसली मासेमारी करणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण हे बोटीकडं बघूनच कळू दे.

तिसरा काळोख चालायच्या दिव्यांभोवतीचा, आणि जीव वाचतो तो यानंच. डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा. दोन्ही सरळ समोरपासून बाजूच्या थोडं मागंपर्यंत, 112.5 अंशांत दिसायला हवेत. मागचा पांढरा दिवा उरलेले 135 अंश भरतो. असं वर्तुळ पुरं झालं की समोरच्या जहाजाला एका नजरेत कळतं, तुझी बोट येतेय की चाललीय, आणि कुठल्या अंगानं. लाल-हिरवा इतका खाली लावू नकोस की कामाच्या दिव्यांत बुडून जाईल. त्यांच्या आतल्या बाजूला काळ्या मॅट रंगाची फळी मार, म्हणजे लाल उजवीकडून आणि हिरवा डावीकडून दिसणार नाही. मग समोर उभा राहून बघ: टायर, ड्रम, वाळत घातलेलं जाळं, काहीच आड येता कामा नये.

जाळं पाण्यात असताना काठीवर लाल आणि त्याखाली पांढरा, चहूबाजूंनी दिसणारे. ट्रॉलर ओढत असेल तर लालच्या जागी हिरवा. आपल्या मापाच्या बोटीवर या दोघांत निदान एक मीटर अंतर हवं आणि खालचा दिवा काठापासून निदान दोन मीटर उंच हवा. दुरून दोन्ही एकच दिसले तर लावून काय उपयोग? जाळं बोटीपासून आडवं 150 मीटरच्या पलीकडं गेलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा. जाळं वर घेऊन घराकडं निघालास की लाल-पांढरा बंद, म्हणून त्यांचा स्विच वेगळा ठेव. हे मी मनाचं सांगत नाही. 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, जहाजावरचा अधिकारी तेच वाचून आपल्याकडं बघतो.

आणि तो बघतो तेव्हा आपल्या पाठीमागं काय असतं? कफ परेडचे टॉवर, मरीन ड्राइव्हची दिव्यांची रांग. एवढ्या पांढऱ्या उजेडात तुझा एक पांढरा दिवा हरवतो. शहरापुढं नजरेत राहतो तो स्वच्छ लाल आणि स्वच्छ हिरवा. कामाचे दिवे भसाभस पेटवून ठेवलेस तर तेही धुऊन जातात आणि जहाजाला दिसतो नुसता एक उजेडाचा गोळा, कुठल्या दिशेनं चाललाय ते न कळणारा.

सणाला काठीवर लुकलुकणारी रंगीत माळ सोडतात, ती बंदरातच काढून ठेव. कुलाब्याच्या टोकाचा प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ 1875 पासून आपल्या ठरलेल्या लयीत लुकलुकतो, खाडीतल्या वाटेचे लाल-हिरवे बोयेही लुकलुकतात. जहाज त्यांच्यावरून वाट काढतं. बोटीनं लुकलुकायचं नसतं.

नांगर टाकलास की चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुढच्या भागात, उंच. बॅटरी वाचवायला तो विझवू नकोस. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला करणारे दहा जण रबरी होडीतून कफ परेडच्या याच आपल्या वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले. काळोखात बिनदिव्याची बोट दिसली की तेव्हापासून गस्तवाला आधी संशयच घेतो, आणि तो बरोबर आहे.

आता खाऱ्या पाण्याचं. कथिल चढवलेली तांब्याची वायर घे, आणि लांब अंतराला जाड; बारीक वायरीत व्होल्टेज वाटेतच गळतं आणि दिवा मंद पडतो. फ्यूज बॅटरीच्या जवळ. वायर दिव्यात शिरण्याआधी खाली वाकवून एक झोळ दे, पाणी तिथूनच ठिबकून जाईल. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला स्टीलचा बोल्ट थेट लावलास तर खारात अ‍ॅल्युमिनियमचा भुगा होतो. मध्ये नायलॉनचा वॉशर घाल. कंपासजवळून वायरी नेऊच नकोस, न्यावीच लागली तर जाणारी आणि येणारी एकमेकींना पीळ घालून ने, नाहीतर दिवा पेटला की काटा हलतो. स्वस्तातल्या एलईडीमुळं व्हीएचएफवर खरखर येते. चॅनेल 16 लावून एकेक दिवा पेटवून बघ. ज्यानं आवाज बिघडतो तो दुकानात परत कर, कारण संकटात ऐकू यायला हवं ते त्याच चॅनेलवर.

सगळं झालं की परीक्षा किनाऱ्यावरून घेऊ नकोस. अंधार पडल्यावर शेजारच्याच्या होडीत बस, बोट खलाशाच्या हाती दे आणि तिच्याभोवती एक पुरा फेरा मार. रंगीत दिव्यांपैकी समोरून लाल-हिरवा दोन्ही दिसले पाहिजेत, डावीकडून फक्त लाल, उजवीकडून फक्त हिरवा, मागून फक्त पांढरा. मग खलाशाला कामाचे दिवे पेटवायला सांग आणि परत फेरा मार. या फेऱ्यात जो रंग बुडाला, त्याच्याजवळचा कामाचा दिवा हलव. दिवे स्वतः बसवलेस तरी हा फेरा एकट्यानं मारू नकोस. प्रत्येक खलाशाला एकदा होडीत घे. समोरून येणारा आपल्याला कसा बघतो ते ज्यानं पाहिलं, त्याला कामाचा दिवा विझव म्हणून दोनदा सांगावं लागत नाही.