दम कशाने टिकतो? खुराक, रक्त आणि डब्यातील पूड

कोल्हापुरात ‘खुराक’ हा शब्द साध्या जेवणासाठी कोणी वापरीत नाही. खुराक म्हणजे पैलवानाचे दूध, तूप आणि बदामाची थंडाई. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची हौस याच परंपरेशी जुळणारी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले, मल्लांना आश्रय दिला. त्याआधी, १९०८ मध्ये, त्यांच्याच आश्रयाने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले होते. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला ही दोन कामे एकाच प्रश्नाची वाटतात: ज्याच्या घरी थंडाई परवडत नाही, त्याच्या मुलाने कशाच्या बळावर उभे राहावे?

हा प्रश्न आमच्यापुढे एका डब्याच्या रूपाने आला. नववीतील एका धावपटूच्या पेटीत ‘रक्ताभिसरण व दम वाढविणारी’ पूड सापडली. तिची किंमत त्याच्या आईच्या आठवडाभराच्या मजुरीहून अधिक होती. आम्ही त्याला रागावलो. पुढे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ निघाले, त्याच्या वयाला ते किमान १२ हवे. शेवटच्या फेरीत तो मागे पडे, तेव्हा ‘मन लावून पळ’ असे वर्षभर आम्हीच त्याला सांगत होतो.

विद्यार्थी मित्रहो, दम म्हणजे केवळ फुफ्फुसाची ताकद नव्हे. श्वासातून घेतलेला प्राणवायू तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन स्नायूंपर्यंत वाहून नेते आणि हिमोग्लोबिनसाठी लोह लागते. लोह कमी पडले की हृदय कितीही जोरात धडधडले तरी स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही.

अशा पुडींच्या जाहिरातींचा आधार दुसरा असतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. त्याने वाहिन्या सैल होऊन रुंदावतात. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीर हा वायू आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनवते, म्हणून डब्यात आर्जिनिन भरतात. तत्त्व खरे आहे. परंतु निरोगी खेळाडूने वरून आर्जिनिन घेतल्यास दम वाढतो, याचा पुरावा डळमळीत आहे. शिवाय आर्जिनिन शेंगदाण्यात भरपूर असते आणि शेंगदाणा आपल्याकडे डब्यातून विकत घ्यावा लागत नाही.

बिटाची गोष्ट थोडी वेगळी. बीट, पालक, माठ, मुळ्याचा पाला यांत नायट्रेट असते. जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यातून तोच वायू बनतो. जंतुनाशक औषधाने चूळ भरली तर ही साखळी तुटते, ही गंमत आम्हांला फार आवडली! शर्यतीपूर्वी दोन-तीन तास बिटाचा रस घेतल्यास काहींना थोडा लाभ होतो, कसलेल्या धावपटूंना त्याहून कमी. मात्र रक्तातच लोह नसेल, तर रुंद झालेल्या वाटेने वाहणार काय?

आणखी एक धोका आहे. वेष्टनावर न छापलेली उत्तेजके काही पुडींत मिसळलेली आढळली आहेत. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या तपासणीत खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याला तोच जबाबदार धरला जातो. ‘मला ठाऊक नव्हते’ म्हटल्याने ठपका पुसला जात नाही.

त्या मुलाला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि जंतांचे औषध दिले. तपासणीवाचून अशा गोळ्या कोणी मनाने घेऊ नयेत. अधिकचे लोहही बाधते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोहाची, आता आम्ही समोर उभे राहून घ्यायला लावतो, कारण पूर्वी त्या खिडकीतून बाहेर जात. भोजनगृहातही बदल केला. जेवणासोबतचा चहा बंद करून तो तासाभराने ठेवला, कारण चहा लोह शोषू देत नाही. मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळले जाते, कारण क जीवनसत्त्वाने तेच लोह अधिक अंगी लागते. स्वयंपाकीणबाई प्रथम कुरकुरल्या, चहाच्या वेळेवरून मुलेही.

तीन महिन्यांनी त्याचे हिमोग्लोबिन ११.८ भरले. तो डबा आमच्या कपाटात आहे. झाकण उघडलेले होते, म्हणून दुकानदाराने परत घेतला नाही.