काळ्यावर काळे : अक्षर आणि पार्श्वभूमी यांचे गणित

फळा काळा का असतो आणि खडू पांढरा का असतो, हा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर पांढऱ्या खडूने लिहिले, तर अक्षर असते, पण ते दिसत नाही. म्हणजे अक्षर वाचता येणे हे एकट्या अक्षराच्या रंगावर अवलंबून नसते. अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी या दोहोंच्या उजेडातील तफावत महत्त्वाची असते. ही साधी गोष्ट संगणकाच्या पडद्यावर विसरली गेली की काय होते, आणि ती आपण स्वतः कशी दुरुस्त करू शकतो, ते आज पाहू या.

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातले सास्तूर हे गाव घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेले हे गाव पुन्हा उभे राहिले आहे. समजा, अशा गावातील एक विद्यार्थिनी शाळेच्या जुन्या संगणकावर प्रोग्रॅम लिहायला शिकते आहे. संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे; ती विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी तिने संपादक, म्हणजे कोड एडिटर, उघडला आहे. एखाद्या शब्दावर माऊसचा बाण नेऊन थांबवला, की एक छोटी चौकट उमटते. तिला टूलटिप म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ काय, चूक कोठे झाली, ती कशी सुधारावी, हे सारे त्या चौकटीत लिहिलेले असते. ज्याला शेजारी बसून शिकवणारे कोणी नाही, त्याच्यासाठी ही चौकट म्हणजे शिक्षकच. आणि नेमकी तीच चौकट काळी, त्यावरची अक्षरेही काळपट! चूक झाल्याचे कळते, पण कोणती चूक ते कळत नाही.

हे उदाहरण काल्पनिक असले, तरी असा दोष खरोखर घडलेला आहे. २०१० साली उबंटू १०.०४ या लिनक्सच्या आवृत्तीबरोबर ‘अँबियन्स’ नावाची सजावट आली. तिच्यातील टूलटिपची पार्श्वभूमी काळी आणि अक्षरे पांढरी होती. एवढे असते तर तक्रार नव्हती. पण ‘एक्लिप्स’ या प्रसिद्ध संपादकाने टूलटिपची पार्श्वभूमी प्रणालीकडून घेतली आणि अक्षरांचे काही रंग स्वतःचे वापरले. ते रंग फिकट पार्श्वभूमीसाठी ठरवलेले होते. त्यामुळे काळ्या चौकटीवर गडद जांभळी आणि काळी अक्षरे उमटू लागली. चौकट एकाने रंगवली, अक्षरे दुसऱ्याने. दोघांनीही आपापले काम चोख केले, पण एकमेकांना विचारले नाही. दोषाचे मूळ ते हेच.

आता हा दोष मोजता येईल का? येईल. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांनी बनतो. प्रत्येक प्रकाशाला ० ते २५५ यांपैकी एक अंक दिलेला असतो. तिन्ही अंक ० असले की काळा, तिन्ही २५५ असले की पांढरा. येथे एक गंमत लक्षात ठेवा. १२७ हा अंक २५५ च्या जवळजवळ निम्मा आहे, म्हणून प्रकाशही निम्मा मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात तो पूर्ण प्रकाशाच्या सुमारे २१ टक्केच असतो. अंक आणि प्रकाश यांचे नाते सरळ रेषेचे नाही. तसेच आपला डोळा तिन्ही रंगांना सारखाच प्रतिसाद देत नाही. हिरवा त्याला सर्वांत उजळ भासतो, निळा सर्वांत मंद. म्हणून एकूण दीप्ती काढताना लाल प्रकाशाला ०.२१३, हिरव्याला ०.७१५ आणि निळ्याला ०.०७२ असे भार देतात. पांढऱ्याची दीप्ती १ आणि काळ्याची ० येते.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ मध्ये संकेतस्थळांसाठी जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत तफावतीचे सूत्र दिले आहे. अधिक दीप्तीत ०.०५ मिळवा, कमी दीप्तीत ०.०५ मिळवा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. काळ्यावर काळे असेल तर उत्तर १, पांढऱ्यावर काळे असेल तर २१. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर निदान ४.५ असावे, असा नियम आहे. तो आपल्या टूलटिपलाही लावून पाहू.

एक्लिप्समध्ये जावा भाषेतील राखीव शब्द जांभळ्या रंगात दिसतात. त्याचे अंक असे : लाल १२७, हिरवा ०, निळा ८५. त्यांचे प्रत्यक्ष प्रकाश अनुक्रमे ०.२१२, ० आणि ०.०९१ येतात.

दीप्ती = (०.२१३ × ०.२१२) + (०.०७२ × ०.०९१) = सुमारे ०.०५२

काळ्या पार्श्वभूमीवर : ०.१०२ ÷ ०.०५ = सुमारे २

म्हणजे हवे त्याच्या निम्मेही नाही. आता पार्श्वभूमी फिकट पिवळी करू : लाल २४५, हिरवा २४५, निळा १८१. हिची दीप्ती सुमारे ०.८८ येते.

पिवळ्या पार्श्वभूमीवर : ०.९३ ÷ ०.१०२ = सुमारे ९.१

अक्षराचा रंग तोच, पण गुणोत्तर साडेचार पटीने वाढले! त्या काळात अनेकांनी हाच पिवळा रंग वापरून आपला संपादक वाचण्याजोगा करून घेतला.

प्रत्यक्ष दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा.

१. आधी निदान करा. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधील टूलटिप पाहा. तेथे ती नीट दिसत असेल, तर संपादक आणि प्रणाली यांचे जुळत नाही, असे समजावे. सगळीकडेच दिसत नसेल, तर दोष सजावटीत आहे.

२. आधीचे रंग वहीत टिपून ठेवा. जी फाईल बदलायची तिची प्रत काढा. बिघडले तर परत फिरता आले पाहिजे.

३. दोष संपादकाचा असेल, तर प्रथम त्याच्याच ‘प्रेफरन्सेस’मध्ये जा. एक्लिप्समध्ये ‘जनरल’, मग ‘अपिअरन्स’, मग ‘कलर्स अँड फॉन्ट्स’ असा मार्ग आहे. तेथे अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा, असे दोन्ही रंग ठरवा.

४. तेवढ्याने भागले नाही, तर सजावटीकडे वळा. जीटीकेच्या तिसऱ्या पिढीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात ‘कॉन्फिग’ हा लपलेला फोल्डर, त्यात ‘जीटीके-३.०’ आणि त्यात ‘जीटीके’ नावाची सीएसएस फाईल ठेवता येते. (ही नावे संगणकावर रोमन लिपीतच लिहावी लागतात.) तीत टूलटिपसाठी पार्श्वभूमी २४५, २४५, १८१ आणि अक्षरे ०, ०, ० असा नियम लिहावा. टूलटिपच्या आतील घटकांनाही अक्षरांचा काळा रंग सांगावा. ते विसरले, तर पिवळ्यावर पांढरी अक्षरे राहू शकतात, आणि त्यांचे गुणोत्तर जेमतेम १.१ भरते. मग प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा.

प्रणालीच्या मूळ फाईलमध्ये मात्र हात घालू नये. तिला व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो, तो बदल शाळेतील सर्वांच्याच पडद्यावर होतो आणि प्रणाली अद्ययावत केली की तो पुसलाही जातो.

मराठी वाचणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तफावत कमी पडली की जाड शिरोरेषा दिसत राहते, पण अनुस्वार, मात्रा, वेलांटी असे बारीक अवयव आधी हरवतात. ‘अंक’ आणि ‘अक’ यांत फरक एका टिंबाचा! शिवाय काहींना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून चूक केवळ लाल रंगाने दाखवू नये. दीप्तीतही फरक ठेवावा.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करून घ्यावा. पांढऱ्या कागदावर पिवळ्या, निळ्या आणि काळ्या पेन्सिलीने एकाच आकाराचे अक्षर काढा आणि कोणते अक्षर किती पावलांवरून वाचता येते ते मोजा. मग पुढील प्रश्न सोडवा.

१. शुद्ध पिवळ्याची (२५५, २५५, ०) दीप्ती काढा. पांढऱ्यावर त्याचे गुणोत्तर किती?

२. शुद्ध निळी (०, ०, २५५) अक्षरे काळ्या चौकटीत ४.५ ची अट पुरी करतात का?

३. मोटारींच्या पाट्यांवर पांढऱ्यावर काळे किंवा पिवळ्यावर काळे अंक का असतात, ते गुणोत्तर काढून सांगा.

(उत्तरे : १. ०.९२८, सुमारे १.०७. २. नाही, सुमारे २.४. ३. गुणोत्तरे अनुक्रमे २१ आणि, शुद्ध पिवळा धरल्यास, सुमारे १९.६.)