कवितेची वही आणि एनडीएचा फॉर्म

पोरगा जरा हळवा निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, "कसल्या कविता करत बसतोस बायकांसारख्या?" आणि दुसरं, "एनडीएच्या क्लासला घाला, फौजेत गेला की मर्द होईल." बोलणारा कधी मामा असतो, कधी आत्या, कधी आपणच. मनात वाईट कुणाच्याच नसतं. चाकणहून सेकंड शिफ्ट उरकून मध्यरात्री घरी येणाऱ्या बापाला आणि पहाटे उठून डबे भरणाऱ्या आईला एवढंच हवं असतं, की आपल्या लेकराला पुढे कुणी हसू नये.

आणि गंमत बघा, आपण राहतो कुठं! देहू आणि आळंदी हाकेच्या अंतरावर. देहूरोडला कॅन्टोन्मेंट, दापोडीला लष्करी अभियांत्रिकीचं सीएमई, पलीकडे खडकवासल्याला एनडीए. कवी आणि सैनिक, दोघंही शेजारीच. तुकोबांचा अभंग लागला की आपण मान डोलावतो, पण घरातला पोरगा वही घेऊन कोपऱ्यात बसला की आपल्या पोटात गोळा येतो.

तो गोळा कवितेचा नसतोच. "हा त्यातला तर नाही ना?" ही खरी धास्ती. तोंडाने कुणी म्हणत नाही. मग टीव्हीवर साडी नेसलेला पुरुष लचकत चालला की आपण जरा जास्तच मोठ्यांदा हसतो. पोरगा त्या वेळी टीव्हीकडे बघत नसतो. घरात कोण कोण हसतंय ते बघत असतो. पुढे कधी काही सांगायची वेळ आली तर कुणाला सांगायचं नाही, हे तो तिथंच ठरवून टाकतो. मुलींचंही तेच. त्यांच्याबद्दल तर आपल्याला शंकासुद्धा येत नाही, मैत्रिणी म्हणून सोडून देतो.

फौज "सरळ" करते, ही समजूत कुठून आली कोण जाणे. पहिल्या महायुद्धातले दोन इंग्रज कवी घ्या, सिगफ्रिड ससून आणि विल्फ्रेड ओवेन. दोघंही लढाईतले अधिकारी, दोघांनाही शौर्याचं मिलिटरी क्रॉस पदक. ससून तर इतका बेधडक की त्याला "मॅड जॅक" म्हणत. 1917 साली एडिंबराजवळच्या लष्करी इस्पितळात दोघांची भेट झाली, आणि ओवेनची कविता तिथून बहरली. दोघांचाही ओढा पुरुषांकडे होता, असं त्यांचे बहुतेक चरित्रकार सांगतात. त्या काळी इंग्लंडात त्यासाठी तुरुंग होता.

ओवेन 4 नोव्हेंबर 1918 रोजी पडला, वय अवघं पंचवीस. युद्ध संपल्याच्या घंटा वाजत होत्या, त्याच दिवशी घरी तार आली. पुढे त्याच्या आईने रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहून कळवलं, की घर सोडताना लेकाच्या ओठांवर तुमच्याच ओळी होत्या. आणि भावाने काय केलं? ओवेनची पत्रं छापायला देण्याआधी त्यातल्या कितीतरी ओळी शाईने खोडून टाकल्या. घराण्याचं नाव जपायला. त्या भावाचा मला राग येत नाही. "चार लोक काय म्हणतील" हे त्याच्याही घरात होतंच की.

ससून वाचला. 1933 साली त्याने लग्न केलं, मुलगा झाला, पण संसार टिकला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडचा तिसरा उपाय तोच असतो: "लग्न लावून द्या, होईल सगळं ठीक." त्यात दुसऱ्या घरच्या मुलीचं काय होतं, हे आपण मुलीकडचे असल्याशिवाय सुचत नाही.

लांबचं कशाला, आपल्याच लष्करातले मेजर जे. सुरेश. 2010 साली त्यांनी फौज सोडली आणि 2020 मध्ये आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगितलं. त्यांच्यावरून सुचलेल्या चित्रपटाच्या पटकथेला 2022 च्या जानेवारीत संरक्षण मंत्रालयाने परवानगी नाकारली. पुण्यात मात्र हा विषय दबला नाही. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समलिंगी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला, "पार्टनर" ही याच विषयावरची कादंबरी मराठीत लिहिली. उघडपणे समलिंगी असलेले कवी आर. राज राव पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. विजय तेंडुलकरांचं याच विषयावरचं नाटक "मित्राची गोष्ट" तर 1981 मधलं. म्हणजे हे सगळं मोबाईलमुळे आलं, असं म्हणायची सोय नाही.

मूल एखाद्या रात्री खरंच काही बोललं, तर लगेच उत्तर सुचलं पाहिजे असं नाही. आपल्यालाही रडू येईल, येऊ द्यावं. "बरं झालं मला सांगितलंस" एवढं जमलं तरी पुष्कळ. आत्याला, गावाकडे, सोसायटीतल्या मैत्रिणीला त्याला न विचारता सांगू नये. मन मोकळं करायचं असेल तर मुंबईत 2017 पासून "स्वीकार" नावाचा पालकांचाच गट आहे. त्यातल्या चारशेहून अधिक आईबापांनी 2023 साली मुलांच्या लग्नाच्या हक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं.

आणि "बरं करून देतो" म्हणणाऱ्या डॉक्टर-बाबाकडे नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. असले उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली बजावलंय.

राहिला एनडीएचा फॉर्म. तो कवितावाला पोरगा स्वतःच म्हणू शकतो, मला जायचंय. तेव्हा खोटा धीर देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने तुमच्या-माझ्यासाठी समलिंगी संबंध हा गुन्हा उरला नाही, पण फौजेला 1950 चा स्वतःचा कायदा आहे, आणि 2019 मध्ये तेव्हाच्या लष्करप्रमुखांनी आमच्याकडे हे चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. हे त्याच्यासमोर मांडावं. तिथं काय काय गिळून जगावं लागेल, तेही. त्यावर तो म्हणेल, "मग भरू की नको?" त्याचं उत्तर आपल्याकडे नाही, हे कबूल करावं आणि शेवटची तारीख बघून ठेवावी.