तिरकी रेघ विसरू नकोस

ये, बस अशी. तुझी वही पाहिली मी. स्पॅनिश क्रियापदांची सगळी रूपं देवनागरीत उतरवून ठेवलीयस. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं गं, म्हणून सांगते. ‘आब्लो’ लिहिलंयस ना? आता सांग, हे ‘मी बोलते’ की ‘तो बोलला’? जोर ‘आ’वर असेल तर मी बोलते, ‘ब्लो’वर गेला की तो बोलला. स्पॅनिशमध्ये दुसऱ्या रूपाच्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ असते, तिल्दे. तुझ्या वहीत ती हरवली. मराठीत जोर हलला म्हणून काळ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे जातच नाही. सालामांकात असताना मी घरमालकीणबाईंना फोनवर ‘उद्या पोहोचते’ सांगायला गेले आणि ‘येगो’मधला जोर ‘गो’वर टाकला. त्या आपल्या विचारतायत, “कोण पोहोचलं?”

जोर कुठे पडतो ते ठरलेलं असतं. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर उच्चाराच्या शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, नाहीतर शेवटच्यावर. याबाहेर गेलं की तिल्दे येते. पण आधी तुकडे नीट पाडायला हवेत. ‘पुत्र’ म्हणताना आपण त फोडून अर्धा मागे ठेवतो, तसं इथे नाही. आ-ब्लो; ब्ल अख्खा पुढे. ‘कान्तो’तला न मात्र मागे राहतो, कान-तो. आणि इ-उ हे स्वर शेजारच्या आ, ए, ओ-ला चिकटतात. को-म्यो, त्याने खाल्लं, दोनच तुकडे. पण इ-वर तिल्दे आली की इ सुटी होते. को-मी-आ, तो खात असे, झाले तीन.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. ‘प्वेदो’ म्हणजे मला जमतं, पण ‘पोदेमोस’ म्हणजे आम्हाला जमतं. हा ‘प्वे’ कुठून आला म्हणून तू घोकत बसली असशील. घोकू नकोस. जोर धातूवर पडला की ‘पो’चा ‘प्वे’ होतो, जोर पुढे सरकला की पुन्हा ‘पो’. ‘प्येन्सो’ (मी विचार करते) आणि ‘पेन्सामोस’ (आम्ही विचार करतो) यांचंही तेच.

आज रात्री ‘पोदेर’ची, म्हणजे या ‘प्वेदो’च्याच क्रियापदाची, वर्तमानकाळातली सहाही रूपं टेबलावर टिचकी मारत मोठ्याने म्हण. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ला टिचकी पुढे सरकेल, बघ.