रुग्णसुरक्षेची प्रश्नावली : नोंदवहीत न दिसणारे मोजमाप

एखाद्या रुग्णालयाच्या नोंदवहीत वर्षभरात औषधाच्या चुकीची एकही नोंद नसेल, तर ते रुग्णालय सुरक्षित समजावे काय? अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच्या उलट चित्र दिसून आले. ज्या कक्षांतील प्रमुख परिचारिका सहकाऱ्यांचे ऐकून घेत, त्या कक्षांतच चुकांच्या नोंदी अधिक आढळल्या. तेथे चुका लपविल्या जात नव्हत्या, हे त्यामागील महत्त्वाचे कारण होते. कोरी नोंदवही ही सुरक्षिततेची खूण असू शकते, तशीच ती धास्तीचीही असू शकते.

ही धास्ती कशी मोजावी, या प्रश्नातून ‘रुग्णसुरक्षा-संस्कृती’ची प्रश्नावली पुढे आली. १९८६ मधील चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर झालेल्या चर्चेतून ‘सुरक्षा-संस्कृती’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढे अमेरिकेतील वैद्यकशास्त्र संस्थेच्या १९९९ च्या अहवालाने, तेथील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज व्यक्त केला. दोष व्यक्तीपेक्षा कार्यपद्धतीत शोधावा, हे त्या अहवालाचे मुख्य सूत्र होते.

प्रश्नावलीचे स्वरूप

अमेरिकी शासनाच्या आरोग्यसेवा संशोधन व गुणवत्ता संस्थेने २००४ साली रुग्णालयांसाठी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत ४२ विधाने असून ती १२ घटकांत विभागलेली होती. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत ३२ विधाने व १० घटक आहेत. सहकार्य, कर्मचाऱ्यांची संख्या व कामाची गती, वरिष्ठांचा पाठिंबा, चुकांविषयी मोकळी चर्चा, पाळी बदलताना दिली जाणारी माहिती इत्यादी बाबींचा त्यांत समावेश होतो. बहुतेक विधानांपुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पाच पर्यायांपैकी एकावर खूण करावयाची असते.

काही विधाने हेतुपुरस्सर उलट्या अर्थाची असतात. ‘झालेली चूक पुढे आपल्याविरुद्ध वापरली जाते’, अशा आशयाच्या विधानाशी असहमती हेच अनुकूल उत्तर होय. समजा, ४० कर्मचाऱ्यांपैकी १४ जणांनी असहमती दर्शविली, तर अनुकूल प्रमाण ३५ टक्के ठरते. उरलेल्यांपैकी सहमत किती आणि तटस्थ किती, हेही स्वतंत्रपणे पाहावे लागते.

घ्यावयाची दक्षता

ज्या धास्तीचे मोजमाप करावयाचे, तीच उत्तरेही बिघडवू शकते. म्हणून प्रश्नावलीवर नाव नसावे आणि भरलेले कागद वरिष्ठांनी गोळा करू नयेत. चार-पाच जणांच्या कक्षाचा निष्कर्ष स्वतंत्रपणे दिल्यास उत्तर कोणाचे, हे सहज ओळखता येते. असे कक्ष एकत्र करावेत. डॉक्टर, परिचारिका, कक्षसेवक व सफाई कामगार यांच्या मतांची केवळ सरासरी काढल्यास त्यांच्यातील अंतर झाकले जाते. साहजिकच मोठ्या रुग्णालयात ती गटवार मांडणे श्रेयस्कर. भाषांतर केवळ शब्दाला शब्द ठेवून न करता, ते कर्मचाऱ्यांना वाचावयास देऊन अर्थ पडताळावा.

सर्वांत मोठा धोका निष्कर्षांच्या वापरात आहे. कमी टक्केवारी आली म्हणून कक्षप्रमुखाकडे खुलासा मागितला गेला, तर पुढील वर्षी टक्केवारी निश्चित वाढेल; परंतु ती वाढ कागदावरचीच असेल. याउलट निष्कर्ष कर्मचाऱ्यांपुढे ठेवून एखादी अडचण जरी दूर केली, तरी प्रश्नावलीवरील विश्वास वाढतो.

समित्यांची भूमिका

भारतात केंद्र शासनाने २०१८ ते २०२५ या कालावधीसाठी राष्ट्रीय रुग्णसुरक्षा अंमलबजावणी आराखडा तयार केला होता. महाराष्ट्रातील शासकीय आरोग्य संस्थांच्या रुग्ण कल्याण समित्यांत पंचायत राज संस्थांचे प्रतिनिधीही असतात. ‘चुका किती झाल्या?’ या प्रश्नाला त्यांना बहुधा ‘एकही नाही’ असेच उत्तर मिळेल. ‘मागील चूक कोणी निदर्शनास आणली, आणि त्यानंतर कामात कोणता बदल झाला?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरेल. चूक सांगणाऱ्या परिचारिकेला संरक्षण मिळाले, तर तीच चूक दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत टाळता येते.