येडशीस घरगुती मुक्काम

प्रश्न : श्रावणात रामलिंगाच्या दर्शनास येऊन येडशीच्या एका शेतकरी कुटुंबात तीन दिवस राहावे, असा विचार आहे. मोबदल्याचे कसे बोलावे?

उत्तर : मोबदल्याचा ठराव निघण्यापूर्वीच घरच्या कर्त्या माणसाशी स्पष्टपणे करावा, कारण एकदा पायांवर पाणी पडले आणि परातीत ज्वारीची भाकरी थापली जाऊ लागली, की पैशाचा शब्द काढणे उभयपक्षी संकोचाचे होते. मोबदला घेऊन पाहुणा ठेवण्यात गैर काही नाही : मलेशियात 1995 पासून सरकारदरबारी नोंदलेली खेड्यांतील कुटुंबे पाहुण्यांस आपल्याच पंक्तीस घेतात. आपल्याकडे 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतावरील आतिथ्यास राजमान्यता दिली.

चुलीपुढील मावशींनी वाढण्याची वाट पाहत न बसता आपणच तांब्या भरून ठेवावा, पुरेसे झाल्यावर ताटावर हात आडवा धरावा, पण वाढलेले टाकू नये. वाढणाऱ्या हातांचा याहून मोठा सन्मान मी जाणत नाही.

सोबत परदेशी स्नेही असल्यास त्यांच्या आगमनाची वर्दी यजमानाने 24 तासांत सरकारदप्तरी देणे बंधनकारक आहे, तेव्हा त्यांचे पारपत्र हाताशी असू द्यावे. रामलिंगाचे देवालय अभयारण्यात आहे. तेथील माकडांपुढे फराळाची पिशवी उघडू नये.